चार बोटांवरची हजेरी

मला वाढवून सांगायची खोड आहे. राजुऱ्याच्या आमच्या गल्लीत मी कुत्रा पाहिला, तर गल्लीच्या तोंडाशी येईस्तोवर त्याचा तडस व्हायचा आणि अब्बांच्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की पट्टेरी वाघ. अब्बा मोटारीच्या वाइंडिंगमधून, म्हणजे तारेच्या गुंडाळणीतून, मान वर न काढता विचारायचे, "बेटा, कुत्ते ने काटा तो नहीं ना?" एवढ्यावर वाघ मुकाट्याने पुन्हा कुत्रा व्हायचा.

पुढे मी शिक्षक झालो आणि एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला लागलो. तिथे मान वर न काढता विचारणारं कोणी नव्हतं. पोरं विश्वास ठेवायची. मी सांगितलं की आमच्या राजुऱ्यात कोळशाच्या खाणी इतक्या खोल आहेत की खालचा माणूस वर येईस्तोवर त्याची दाढी वाढते, तर वर्गातली सगळी पोरं माझ्या हनुवटीकडे बघायची. ज्याच्यावर असा विश्वास ठेवतात त्या माणसाने जपून राहायला हवं. मी जपून राहिलो नाही. म्हणून हे लिहितो आहे.

दोन हजार सालानंतरची पाचेक वर्षं उलटली होती. मोबाइलचे टॉवर आलापल्लीच्या अलीकडेच थबकलेले होते. आमच्या शाळेला कुठल्याशा योजनेतून एक संगणक मिळाला होता. पहिली दोन-तीन वर्षं त्याच्यावर चादर आणि चादरीवर हार होता. संगणकाने काय करायचं हे कोणालाच माहीत नसल्यामुळे दर पंधरा ऑगस्टला त्याची पूजा तेवढी व्हायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा अब्बांच्या दुकानात एक काळी पेटी पडलेली दिसली. विटेपेक्षा लहान, वर लाल दिवा. खाणीकडच्या कुठल्याशा ऑफिसात हजेरीचं नवं यंत्र आलं, जुनं कबाडात गेलं, आणि कबाडीवाल्याने ते एका जळक्या पंख्यासोबत अब्बांच्या गळ्यात मारलं होतं. पेटीबरोबर एका पिशवीत साठ-सत्तर पांढरी कार्डं होती. पेटी मुकी होती. अब्बांनी ती उघडली, आतलं तांब्याचं वेटोळं तुटलेलं पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"अरे, ये तो अपना ही काम है."

अब्बांच्या बोटांबद्दल मी आयुष्यभर बढाया मारल्या. डासाच्या मिशीला ते वाइंडिंग करून देतील, असं मी सांगत असे. त्या दिवशी मात्र जे केलं ते खरंच तेवढं होतं. केसासारखी तार, ओठांत पुटपुटत मोजलेले वेढे, आणि तासाभराने पेटीने 'टिक' केलं. दिवा हिरवा झाला. शेजारच्या दुकानातल्या संगणकाला पेटी जोडली; कार्ड जवळ नेलं की त्याच्या पडद्यावर दहा आकडे आपोआप उमटायचे, जणू कोणी अदृश्य माणसाने टाइप केले. प्रत्येक कार्डाचे आकडे वेगळे. याला आरएफआयडी म्हणतात, रेडिओलहरींनी ओळख पटवायची ही रीत आहे, हे मी नंतर नागपूरहून आणलेल्या पुस्तकात वाचलं. अब्बांना नाव नको होतं. त्यांनी कार्ड उन्हाकडे धरून पाहिलं आणि म्हणाले, "इसमें सेल नहीं है. फिर बोलता कैसे है?"

हाच प्रश्न मी शाळेत नेला.

सातवीच्या वर्गात मी एक कार्ड ब्लेडने चिरून उघडलं. आत तांब्याचं वेटोळं आणि मोहरीएवढा काळा ठिपका. पोरं एकमेकांच्या पाठीवर चढून बघत होती. मागच्या ओळीत एक माडिया मुलगी होती. सूरजागडच्या डोंगराकडचं तिचं गाव. शाळेत आल्यापासून दोन वर्षांत ती माझ्याशी दोन वाक्यंही बोललेली नव्हती. तिने आपल्या शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारीण म्हणजे तिची जोडीदारीण. दोघी एका ताटात जेवायच्या, एका घोंगडीत झोपायच्या. जोडीदारीण उभी राहिली.

"सर, ती म्हणते, हे उपाशी बोलते काऊन?"

वीस-पंचवीस वर्षं मी विज्ञान शिकवलं. इतका नेमका प्रश्न मला एकाही पुस्तकात सापडला नाही.

मग आमचा महिनाभर तोच धंदा झाला. अब्बांनी पाठवलेल्या तारेची वेटोळी पोरांनी स्वतः गुंडाळली. वेटोळ्याच्या दोन टोकांना लहानसा लाल दिवा डाग देऊन जोडला. ते वेटोळं पेटीजवळ नेलं की दिवा लागायचा. सेल नाही, वायर नाही, नुसतं जवळ नेणं. लांब नेलं की विझायचा. किती लांब? पोरांनी पट्टी बाजूला ठेवली आणि बोटांनी मोजलं: चार बोटं. पाच बोटांवर अंधार. मधे वही धरून पाहिली, दिवा चालू. सागाचं पान धरलं, चालू. हात धरला, चालू. मातीचं खापर, लाकडाची फळी, पाण्याची पिशवी, सगळ्यातून चालू. जेवणाची स्टीलची थाळी मधे आणली आणि दिवा पटकन गेला. त्या दिवशी जेवणात प्रत्येक पोरगं आपल्या थाळीकडे संशयाने बघत होतं.

उत्तर त्यांनीच शोधलं. पेटी आपल्यातलं थोडं देते, जवळ असेल त्याला. कार्डाला तेवढं पुरतं. तेवढ्यात ते आपला आकडा सांगून टाकतं.

पुढे पोरांनी कार्डं बियांच्या पुड्यांना चिकटवली. मोह, चार म्हणजे चारोळी, टेंभरू, हिरडा, बेहडा. पुडी पेटीवर धरली की पडद्यावर त्या बीचं नाव यायचं, वर माडियात, खाली मराठीत. माडिया नावं पोरांनीच भरली आणि मी विद्यार्थ्यासारखा बसून ती पाठ केली. माझे उच्चार ऐकून पहिल्यांदा ती मागच्या ओळीतली मुलगी हसली. तोंडावर हात धरून, पण हसली.

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट मी लग्नाकार्यात वाघासकट सांगत फिरलो असतो.

पण मला सुचलं हजेरीचं. प्रत्येक मुलाच्या नावाने एक कार्ड. सकाळी प्रार्थनेआधी आणि संध्याकाळी जेवणाआधी पोरांनी ओळीने यायचं, कार्ड धरायचं, टिक, पुढे. मी पडद्यापाशी बसायचो आणि नाव घ्यायची गरज उरायची नाही. मुख्याध्यापक खूश झाले. वरून एक साहेब पाहणीला येऊन गेले, त्यांच्यापुढे मी तोंड सोडलं. म्हटलं, साहेब, जंगलातल्या वाघाच्या गळ्यात हे कार्ड बांधा, तोही सकाळी सात वाजता गेटवर येऊन टिक करेल. म्हटलं, या शाळेत आता हजेरीत चूक होणं शक्य नाही, माणूस चुकेल पण ही पेटी चुकायची नाही. साहेब इतके खूश झाले की सोमवारी आणखी दोन साहेबांना घेऊन येतो म्हणाले. पोरांनी पेटीचं प्रदर्शन करून दाखवायचं ठरलं.

त्या मुलीला मी काम दिलं सर्वांत महत्त्वाचं. तिने वेटोळं हातात धरून सांगायचं की कार्ड उपाशी नाही, त्याला कोण देतं. प्रश्न तिचा, तर उत्तरही तिनेच द्यायचं. ती मानेनेच हो म्हणाली.

शनिवारी वर्ग भरले नाहीत. प्रदर्शनाची तयारी. मी सकाळपासून टेबलाखाली वायरींमध्ये शिरलेलो होतो. पोरं सारवणात, झाडूत, रांगोळीत. सकाळची हजेरी पूर्ण. संध्याकाळची पूर्ण. रविवारी सकाळची पूर्ण. पडद्यावर एकही नाव लाल नाही. त्या दोन दिवसांत वीज एकदाही गेली नाही. आमच्याकडे वीज एरवी दिवसातून चारदा जायची. ती गेली असती तर मी जुनी वही काढून नावं तोंडाने घेतली असती. ती गेली नाही.

रविवारी दुपारच्या जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या बाई पदराला हात पुसत माझ्यापाशी आल्या. बाई झाडीपट्टीतल्या, पंधरा वर्षं त्या चुलीपाशी. पोरांची नावं त्यांना अर्धीच माहीत, पण कोण किती भात खातं ते सगळं पाठ.

"सर, ते मागच्या ओळीतली पोरगी बिमार हाये का?"

"कोण?"

"ते हसत नाई ते. तिचा भात तिची जोडीदारीन नेऊन राह्यली. कालपासून. तीनदा झालं. पोरगी माह्या डोळ्याले दिसली नाई."

मी टेबलाखालून डोकंही काढलं नाही. फक्त हाताने पडदा दाखवला. "बाई, ते बघा. हजर आहे. काल सकाळी हजर, काल संध्याकाळी हजर, आज हजर. माणसाचे डोळे चुकतात. पेटी खोटं बोलत नाही."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं. "पेटी म्हनते तं असंल," म्हणाल्या आणि गेल्या.

हे वाक्य मी वीस वर्षं वेगवेगळ्या रीतीने आठवून पाहिलं आहे. बाईंच्या आवाजात टोमणा होता असं समजायला मला आवडलं असतं. नव्हता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

तीन वाजता रंगीत तालीम घेतली. एकेक पोरगं पुढे येऊन आपला भाग बोलून जात होतं. बियावाला आला, थाळीवाला आला. मग मी त्या मुलीचं नाव पुकारलं. नाव तोंडाने पुकारायची दोन दिवसांतली ती पहिलीच वेळ.

जोडीदारीण उठून आली. तिच्या हातात दोन कार्डं होती.

"तू का आलीस? ती कुठे आहे?"

"घरी गेली."

"घरी? केव्हा?"

"काल. सकाळी. कोंबडा बोलला तवा."

मला वाटलं पोरगी थट्टा करते आहे. "मग कार्ड कोणी धरलं?"

"मी," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. काही चुकलं आहे हे तिला माहीतच नव्हतं. "तिनं मले देल्लं. म्हणली, माझा वाटा ठेव. मी ठेवला."

मी सगळ्या वर्गाकडे पाहिलं. "तुम्हांला सगळ्यांना माहीत होतं?"

सगळ्यांनी माना हलवल्या. एक मुलगा समजावणीच्या सुरात म्हणाला, "सर, ती आली नाई म्हणून तिचा वाटा थोडाच जाते?"

इथे जरा थांबून सांगायला हवं. त्यांच्या गावांत शिकार झाली, मासे धरले, काहीही सामायिक मिळालं, की वाटे पडतात. प्रत्येक घराचा एक. जो आला त्याचा आणि जो आला नाही त्याचाही. आजारी पडलेल्याचा, बाजाराला गेलेल्याचा, आईच्या पाठीवरच्या लेकराचा. न आलेल्याचा वाटा शेजाऱ्याने सांभाळायचा असतो. तो खाल्ला तर पाप, ठेवला नाही तर त्याहून मोठं पाप. माझ्या पेटीपुढे सकाळ-संध्याकाळ ओळ लागायची, एकेकाचं टिक व्हायचं, आणि लगेच भात किंवा नाश्ता. पोरांनी त्या यंत्राचा अर्थ त्यांच्या घरच्या रीतीने लावला होता. इथे प्रत्येकाचा वाटा पडतो. जोडीदारीण नसेल तर तिचा आपण धरायचा. तिचा भातही जोडीदारणीने खाल्ला नव्हता. पत्रावळीत बांधून तिच्या कपड्यांच्या ट्रंकेखाली ठेवला होता. तीन वेळचा.

ज्या वर्गापुढे मी चार वर्षं थापा मारल्या होत्या, त्या वर्गातलं एकही पोर त्या दिवशी खोटं बोललं नव्हतं.

"एकटी गेली?" मी विचारलं.

"हो. बाप येनार नव्हता, हलकं धान कापून राह्यला. पंडुम होता ना." हलकं धान म्हणजे लवकर पिकणारं भात, आणि पंडुम म्हणजे नवं खायचा सण. तो झाल्याशिवाय नव्या धानाचा दाणा तोंडात घालत नाहीत. मग जोडीदारणीने एक गोष्ट आणखी सांगितली. तिला ती तितकीशी महत्त्वाची वाटत नव्हती. "अंग तापलं होतं तिचं. रात्री मले चटके लागत होते."

मुख्याध्यापकांची मोटरसायकल मी न विचारताच काढली. स्वयंपाकघरातून बाई धावत आल्या आणि मागे बसल्या.

"बाई, तुम्ही कशाला?"

"तुमाले माडिया येते? तिथी जाऊन कोनासंग बोलाल, पेटीसंग?"

तेव्हा मात्र टोमणा होता. मला तो हवाच होता.

तिचं गाव पायवाटेने बारा किलोमीटर. हा आकडा मी वाढवलेला नाही. पुढे मी ती वाट दोनदा पायी चाललो आणि मोजली. मोटरसायकल नेण्यासारखा रस्ता वळसा घालून जातो, त्यामुळे ज्या वाटेने ती गेली ती वाट आम्हांला दिसलीच नाही. गावात पोचलो तेव्हा पाच वाजले असतील. अंगणात धानाचे भारे. तिचा बाप विळा हातात घेऊन उभा होता. मला पाहून त्याने हसून रामराम केला आणि माझ्या मागे पाहिलं. बाईंच्या मागे पाहिलं. मग विचारलं, "पोरगी?"

ज्या माणसाचं तोंड आयुष्यात कधी बंद पडलं नाही, त्याचं तिथे पडलं. बाईच माडियात बोलल्या. बापाचं हसू गेलं नाही, नुसतं जागच्या जागी थांबलं. त्याने बायकोला हाक मारली. ती झोपडीतून बाहेर आली. मला वाटतं, तिला आमचे चेहरे पाहूनच कळलं. ती वळली, आत गेली आणि आढ्याच्या बल्लीवरून पानाचा एक दोना काढून घेऊन आली. दोना वरून दुसऱ्या पानाने झाकलेला. आत नव्या तांदळाचा भात.

"कालचा," बाईंनी मला सांगितलं. "ती यीन म्हनून पंडुमातला तिचा वाटा ठेवला."

शाळेत तिचा वाटा ठेवलेला. घरी तिचा वाटा ठेवलेला. शाळा म्हणते घरी गेली, घर म्हणतं शाळेत असेल. दोन्हीकडच्या माणसांनी आपलं काम नीट केलं होतं. आणि मधे बारा किलोमीटर जंगल.

पुढचा तास मला सलग आठवत नाही. गावातले सगळे पायवाटेने निघाले, बापये, बाया, म्हातारे. कोणी रडलं नाही. थोड्या थोड्या अंतराने थांबून सगळे एकदम तिच्या नावाने हाक मारायचे, मग गप्प उभं राहून ऐकायचे. हाक, मग ऐकणं. हाक, मग ऐकणं. मीही हाक मारत होतो. माझ्या लक्षात आलं की हाक मारण्यापेक्षा हाकेनंतरचं ऐकणं अवघड आहे.

नाल्याच्या अलीकडे एका शेतात राखणीचा माळा होता. चार खांबांवर बांधलेला, खाली सावली. बाईंना त्या सावलीत शाळेच्या परकराचा निळा रंग दिसला. मी पाहिला नव्हता. बाईंनीच पाहिला.

ती कुशीवर पडलेली होती. डोळे अर्धे उघडे, पण ते कोणाकडे बघत नव्हते. अंग तव्यासारखं तापलेलं. ओठ फाटलेले. शनिवारी उन्हं वर आल्यापासून ती तिथे असावी. नाल्याचं पाणी वीस पावलांवर होतं आणि ती तिथवरही गेलेली नव्हती. आई तिच्यापाशी बसली, तोंड अगदी कानाजवळ नेलं आणि हळू आवाजात काहीतरी म्हणत राहिली. इतका वेळ सगळे ओरडत होते, आणि आता तिच्या इतकं जवळ जाऊन तिची आई कुजबुजत होती. मुलीच्या घशातून एक आवाज आला. लहानसा. पण आला.

बाज आणली. चौघांनी खांद्यावर घेतली. पोरांकडून कळून मुख्याध्यापकांनी मोठ्या रस्त्यापर्यंत जीप पाठवलेली होती, अंधार पडता पडता ती निघाली. मेंदूत शिरलेला मलेरिया, असं डॉक्टर म्हणाले. एटापल्लीहून तिला गडचिरोलीला नेलं.

चौथ्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या बापाशेजारी बसलो होतो. त्याने मला एकही शब्द लावला नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकल्या असत्या, तयारी करून गेलो होतो. त्याने मोडक्या मराठीत विचारलं, "सर, पोरं म्हणतेत तुमची पेटी सगळ्याले ओळखते."

"ओळखते," मी म्हटलं. "कार्डाला ओळखते."

"मानसाले?"

"नाही."

"हाक मारते का?"

"नाही."

"मंग?" तो म्हणाला. एवढंच. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, मग ती काय करते.

सोमवारचं प्रदर्शन झालं नाही. साहेबांना मी जाऊन सांगितलं की हजेरीत चूक झाली आणि ती माझी आहे. पेटी चुकली असं म्हणायची सोय होती. मुलं चुकली असं म्हणायचीही होती. पण पेटीने जे तिच्यापुढे आलं तेच सांगितलं होतं, आणि मुलांनी दोस्ताचा वाटा सांभाळला होता. उरलो मी. वर्गात महिनाभर हेच शिकवलं होतं की पेटीला चार बोटांपलीकडचं काही कळत नाही, आणि वर्गाबाहेर सांगत फिरलो होतो की तिला सगळं कळतं.

ती वाचली. हे आधी सांगून टाकायला हवं होतं, पण तेव्हा आम्हांलाही ते उशिराच कळलं. दोन महिन्यांनी ती शाळेत परत आली. केस कापलेले, गळ्याची हाडं दिसणारी. उजवा कान गेला होता. डाव्याला थोडं ऐकू यायचं. तापाने की औषधाने, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

हजेरी मी वहीवर आणली होती. नाव घ्यायचं, मान वर करायची, चेहरा पाहायचा, मगच पुढचं नाव. मुख्याध्यापक म्हणायचे फार वेळ जातो. जायचा. ती नव्हती तेवढे दोन महिने तिचं नाव आलं की जोडीदारीण उभी राहून सांगायची, "दवाखान्यात आहे, सर." तिचा वाटा तिने असा ठेवला. मी तिला काही शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच ते बदलून घेतलं.

परत आल्याच्या पहिल्या सकाळी मी तिचं नाव घेतलं. उत्तर नाही. पुन्हा घेतलं, मोठ्याने. ती समोर फळ्याकडे पाहत बसलेली. मला माळ्याखालची सावली आठवली. तेव्हा जोडीदारणीने शेजारून नुसतं आपलं कोपर तिच्या कोपराला टेकवलं.

"हजर!"

कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी, वाजवीपेक्षा फार मोठ्याने. बाहेरच्या झाडावरचे पोपट उडाले असं मी सांगत असे. पोपट नव्हते. झाडही नव्हतं. पण तो आवाज तेवढा होता.

त्या दिवशी विज्ञानाच्या तासाला मी काळी पेटी पुन्हा टेबलावर ठेवली. शिकण्यासाठी, फक्त शिकण्यासाठी. ती मुलगी बोलावल्याशिवाय उठून आली. राहिलेलं काम तिच्या लक्षात होतं. तिने वेटोळं हातात घेतलं, पेटीकडे नेलं. दहा बोटं, सात बोटं, पाच. अंधार. चार बोटांवर दिवा लागला.

"हे उपाशी नाई," ती वर्गाला ओरडून म्हणाली. "याच्या जवळ कोनी हाये."

आणि दिवा तिथेच धरून ती उभी राहिली. तिला बस म्हणावं हे मला सुचलं नाही. पोरांनाही सुचलं नाही.

राजुऱ्याला गेलो तेव्हा अब्बांना मी सगळं सांगितलं. बारा किलोमीटर, तीन वेळचा भात, दोना, नाला, वीस पावलं, चार बोटं. अब्बांनी वाइंडिंग खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच मान वर काढून माझ्याकडे पाहिलं. कुत्रा चावला का, हे मात्र विचारलं नाही.